संगायोचा हप्ता चार महिने थकलाय. आणि सांभाळणाऱ्याच्या नावावर काही मिळतं का?

चुलीपाशी · सोमवार, रात्री ११:२०

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते, लिहायला आज पहिल्यांदा बसले. मुलगा झोपलाय, दोन वाजता त्याची कूस बदलायला उठायचंच आहे, म्हटलं तोवर लिहून टाकावं.

आम्ही सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. दाखल्यावर ८५ टक्के, यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) कार्ड आहे. तो लहान असल्यापासून संजय गांधी निराधार योजनेचे (संगायो) पैसे मिळतात. २०२३ ला हजाराचे १५०० झाले. ऑक्टोबरपासून दिव्यांगांना २५०० झाले हे पेपरात वाचलं. ते पंचवीसशे आमच्या डोळ्यांनी अजून बघितलेले नाहीत, कारण गणपती झाल्यापासून खात्यात एक रुपयाही आलेला नाही. गावात बाकीच्यांना येतात.

तहसील कचेरीत तीनदा जाऊन आले. पहिल्यांदा "वरून आले नाहीत", दुसऱ्यांदा "साहेब मीटिंगला", तिसऱ्यांदा "सर्व्हर". मला तिथे जायचं म्हणजे आधी शेजारच्या वहिनींना विचारायचं, त्यांना मळ्यात काम नाही तो दिवस बघायचा, त्याला न्हाऊ-खाऊ घालून, डायपर बदलून अकराची एसटी पकडायची. सासूबाई आहेत, पण त्यांच्याच्यानं तो उचलत नाही. मिस्टर द्राक्षबागेत रोजंदारीवर असतात, ते आले तर त्या दिवसाची हजेरी बुडते. मेडिकलवाल्याची उधारी ६,४०० झालीय. तो काही बोलत नाही, पण हल्ली मी गेले की वही उघडून ठेवतो.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे पैसे कुठे अडले असतील? आणि दुसरं, कुणी हसू नका, मी पूर्वी ब्लाउज शिवायचे, महिन्याचे तीन-चार हजार सुटायचे. ते बंद होऊन नऊ वर्षं झाली, मशीनवर आता त्याच्या औषधांचे डबे असतात. सांभाळणाऱ्या माणसाच्या नावावर सरकारचं काही असतं का?

भडंगप्रेमी · सोमवार, रात्री ११:४१

आमच्या आज्जीचे श्रावणबाळचे आले. दोन महिन्यांचे एकदम आले. म्हणजे वरून सुटलेत. तुमचंच काहीतरी वेगळं झालंय ताई.

जतची_बाजरी · मंगळवार, सकाळी ६:१५

ताई, हयातीचा दाखला दिलाय का? आमच्या आईचं तसंच झालतं. दाखला पोचला न्हाई म्हणून म्हातारीला कागदावर मारून टाकली. मग मी काय केलं, आईला छोटा हत्तीत गादी टाकून झोपवली आन् कचेरीच्या दारात नेली. आत जाऊन म्हणलं, साहेब जरा भायेर या, मयत तुमास्नी भेटाय आलीया. चौघंजण पळत आले. आई उठून बसली आन् म्हणती, च्या पाजतायसा का?

पैसं पुढच्या म्हैन्यात सुरू झालं. मागचं मात्र अजून न्हाईत.

मिरजेचा_तंबोरा · मंगळवार, सकाळी ८:०२

@जतची_बाजरी 😂 चहा पाजला का नाही ते सांगा आधी.

निवृत्त_कारकून · मंगळवार, सकाळी ९:३०

ताई, मी महसूल खात्यातून निवृत्त झालोय, संगायोच्या टेबलावर तीन वर्षं होतो (तुमच्या तालुक्यात नव्हे). शिव्या द्यायच्या तर नंतर द्या, आधी कामाचं सांगतो.

पूर्वी आम्ही तहसीलमधून याद्या करून बँकांना पाठवायचो. बँकेत गठ्ठा पडून राहायचा, पण कुठे पडलाय ते कळायचं तरी. डिसेंबर २०२४ पासून पैसे डीबीटीनं, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येतात. डीबीटीला तुमचा खाते क्रमांक दिसत नाही, आधार क्रमांक दिसतो. ज्या खात्याला तो आधार शेवटचा मॅप झालाय त्या खात्यात पैसे जातात. ते खातं बंद, गोठलेलं किंवा भलतंच असेल तर पैसे परत फिरतात नाहीतर तिसरीकडे जातात. खिडकीवरच्या पोराला हे दिसलं तरी तो सांगत नाही, कारण तुम्ही "पैसे आले का" एवढंच विचारता. "माझं पेमेंट फेल गेलंय का आणि कोणत्या कारणानं" असं विचारा.

त्याआधी बँकेत जा. तिथे तीन प्रश्न: खातं चालू आहे का, आधार जोडलाय का, आणि तो डीबीटीसाठी मॅप आहे का. दुसरं आणि तिसरं एकच वाटतं, पण एक नाही. आधारच्या संकेतस्थळावरही बँक सीडिंग (आधार कोणत्या बँकेला मॅप आहे ते) दिसतं, जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो.

आणि मुलाचं वय काय? लिहिलेलं नाही तुम्ही.

मिरजेचा_तंबोरा · मंगळवार, सकाळी ९:४८

म्हणजे काका, रोगाचं नावही पेशंटनंच सांगायचं आणि औषधही. मग त्या टेबलावर पंखा कुणासाठी फिरतो?

निवृत्त_कारकून · मंगळवार, सकाळी १०:१०

पंखा माझ्या वेळी बंद होता.

राग खरा आहे. पण त्याच टेबलाला निवडणूक आली की मतदारयादी, पूर आला की पंचनामे. २०१९ च्या पुरात आम्ही दीड महिना कृष्णाकाठी घरं मोजत होतो, इकडे अर्जांवर धूळ बसली. अर्ज मंजूर करते समिती, आणि समितीची बैठक कधी लागेल हे कारकुनाच्या हातात नसतं. नवीन अर्जाला उशीर होतो तो बहुतेक तिथे. ताईंची गोष्ट वेगळी आहे, मंजूर प्रकरण मध्येच थांबलंय.

रेवती_विश्रामबाग · मंगळवार, दुपारी १:२५

तुम्हाला मंजूर तरी झालं. माझे सासरे पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेत, तीन वर्षं झाली. नवऱ्याला दुकानात नऊ हजार पगार. उत्पन्नाची अट बघितली का? वर्षाला २१,०००, दिव्यांग असेल तर ५०,०००. महिन्याला भाग घाला, चार हजार दोनशे सुद्धा होत नाहीत. खरं उत्पन्न लिहिलं की बाद. सांगलीत एवढ्यात खोलीचं भाडं तरी भागतं का?

भडंगप्रेमी · मंगळवार, दुपारी १:४०

लाडक्या बहिणींना अडीच लाखांची मर्यादा आणि आजाऱ्याला एकवीस हजारांची. मत असलेला हात आणि नसलेला हात, दुसरं काय.

कवलापूरची_सून · मंगळवार, दुपारी २:०५

लाडक्या बहिणीला नावं ठेवू नका. मी सासूबाईंचं सगळं करते आणि माझ्या आयुष्यात माझ्या नावावर आलेले पहिले पैसे तेच १५०० आहेत. चुलीपाशी ताई, तुम्ही घेता की नाही? पैसे मुलाचे वेगळे, तुमचे वेगळे. वय २१ ते ६५ मध्ये बसतं ना?

भडंगप्रेमी · मंगळवार, दुपारी २:११

वहिनी, तुम्हाला नाही ओ म्हणालो. मर्यादेला म्हणालो.

जतची_बाजरी · मंगळवार, दुपारी २:३०

घसरला बगा गडी.

वाळव्याचा_मास्तर · मंगळवार, संध्याकाळी ७:५०

एक गंमत सांगतो, गंमत म्हणजे काय, बरेच दिवस डोक्यात आहे. पासष्टच्या पुढच्यांच्या योजनेचं नाव श्रावणबाळ. श्रावणबाळ कोण? कावडीत आईबापांना घालून फिरणारा. म्हणजे नाव सांभाळणाऱ्याचं आणि पैसे कावडीत बसलेल्यांना. द्यायलाच हवेत त्यांना, त्याबद्दल वाद नाही. पण ज्याचं नाव लावलंय त्याच्या वाट्याला त्या गोष्टीत काय आलं? दशरथाचा बाण. तोसुद्धा पाणी भरायला गेला तेव्हा.

आणि आमच्या गावात तरी श्रावणबाळ सगळ्या सुना आहेत.

कवलापूरची_सून · मंगळवार, रात्री ८:०४

मास्तर, हे मी आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. ते उठून पाणी आणायला गेले.

मिरजेचा_तंबोरा · मंगळवार, रात्री ८:०९

बाणापासून जपा म्हणावं.

गलाईवाला_त्रिशूर · मंगळवार, रात्री १०:३०

मूळचा विट्याकडचा, गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात तीस वर्षं केरळात. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

इथे आश्वासकिरणम् नावाची योजना आहे. अंथरुणावरच्या माणसाला जो सांभाळतो त्याच्या नावावर महिना ६०० रुपये. आजाऱ्याचं पेन्शन वेगळं. आमच्या दुकानाच्या मागे एक चेची (म्हणजे ताई) राहते, नवरा ताडाच्या झाडावरून पडलेला. ती मला म्हणाली, सहाशे रुपयांत काय होतंय, पण पासबुकात माझं नाव लिहून येतं. आता लगेच केरळ केरळ करू नका, थकबाकीची ओरड तिथल्या पेपरात कायम असते. हप्ते तुंबायला लागले की महिने मोजायचे सोडून द्यायचे.

लेस्टरकर_सदा · बुधवार, पहाटे ४:१२

इंग्लंडातला प्रकार ऐका. केअरर्स अलाउन्स म्हणतात. आठवड्याला किमान ३५ तास कुणाला सांभाळत असाल तर ८३.३० पौंड, हा २०२५-२६ चा दर. वेळेवर येतो, खोटं कशाला बोलू. पण बाहेर काम करून आठवड्याला १९६ पौंडांच्या (हीही २०२५-२६ ची मर्यादा) वर थोडी जरी कमाई गेली तरी पूर्ण भत्ता बंद. कमी होत नाही, बंदच. मर्यादा ओलांडल्याचं खात्याच्या लक्षात यायला वर्षं जायची आणि मग हजारो पौंड परत मागायचे. २०२४ मध्ये त्यावरून इथे मोठा गदारोळ झाला. आमच्या ओळखीच्या एका मावशींनी त्या भीतीनं शाळेतल्या जेवण वाढायच्या कामाचे तास कमी करून घेतले.

तुमच्याकडे द्यायला उशीर, इकडे परत मागायला उशीर.

चुलीपाशी · बुधवार, दुपारी ३:४५

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. लाडकी बहीण मिळते, त्यावरच चाललंय.

कारकून काका, तुम्ही वय विचारलंत आणि माझ्या पोटात गोळा आला. गणपतीच्या आधी अठरा पूर्ण झाली. आज बँकेत गेले. खातं त्याच्या आणि माझ्या नावावर होतं, तो अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला म्हणून. अठरा झाल्यावर त्यांनी व्यवहार थांबवलेत. आलेले पैसे परत गेले असणार म्हणाले. मला कुणी कळवलं नाही. मेसेज आला होता म्हणे, इंग्रजीत. चार महिने मी तहसीलच्या नावानं बोटं मोडतेय आणि पैसे दारापर्यंत येऊन परत चाललेत.

पण आता पुढचं. साहेब म्हणाले, मुलाला सही येत नाही, अंगठा उठत नाही (मुठी घट्ट असतात त्याच्या, उघडायला गेलं की जास्तच आवळतात), तेव्हा कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र आणा, मग बघू. ते कुठे मिळतं?

निवृत्त_कारकून · बुधवार, दुपारी ४:००

वाटलंच होतं. अठरा झालेल्या मुलांच्या केसेस दर वर्षी यायच्या.

आभाची_आई · बुधवार, संध्याकाळी ६:२०

माझी मुलगी २३ वर्षांची, स्वमग्न. आम्ही पालकत्व घेतलंय म्हणून सांगते. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चौघांसाठी. जिल्ह्याला स्थानिक स्तर समिती असते, जिल्हाधिकारी अध्यक्ष. अर्ज तिथे करायचा. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. आम्हाला सात महिने लागले, कारण बैठकच लागत नव्हती. आजच अर्ज टाका.

वाळव्याचा_मास्तर · बुधवार, संध्याकाळी ६:५५

थांबा. ताई, मुलाला कळतं का? म्हणजे पैसे, खातं, कुणावर विश्वास ठेवायचा, हे कळतं का?

चुलीपाशी · बुधवार, रात्री ९:३०

मास्तर, माझ्यापेक्षा जास्त कळतं. बोलणं अस्पष्ट आहे, मला आणि आजीला समजतं. मोबाईलवर नाकानं बुद्धिबळ खेळतो. हा धागाही त्याला वाचून दाखवते. जतच्या आजींचं ऐकून इतका हसला की ठसका लागला.

वाळव्याचा_मास्तर · बुधवार, रात्री ९:५०

मग पालकत्व कशाला? हात चालत नाहीत म्हणून माणूस अज्ञान होत नाही. आभाच्या आई, तुमच्या घरी गरज होती, तुमचं बरोबरच आहे. पण या मुलाला एकदा पालक लावला की प्रत्येक सहीला आई. आणि वर सात महिने.

आभाची_आई · बुधवार, रात्री १०:०५

मला हे माहीत नव्हतं. मान्य. मी घाईनं लिहिलं. पण मास्तर, बँकेतला साहेब तुमचं ऐकणार नाही, त्याला कागद लागतो.

खिडकी_क्रमांक_३ · बुधवार, रात्री ११:१५

कागद देतो. मी बँकेत आहे, कुठल्या ते विचारू नका. आजारी, वृद्ध आणि अक्षम खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत आणि त्या बँकांच्या ग्राहकसेवेबद्दलच्या परिपत्रकांत सापडतात. सही नाही तर हाताचा अंगठा. तो नाही तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. तोही नाही तर खूण चालते, आणि ती दोन साक्षीदारांनी ओळखायची, त्यातला एक बँकेचा जबाबदार माणूस. हे शाखेत बऱ्याच जणांना माहीत नसतं, ट्रेनिंगमध्ये एका ओळीत येऊन जातं. साहेबांना भांडू नका, परिपत्रक छापून न्या, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच मागितली की मराठी माणूस परिपत्रक वाचतो.

केवायसीला बोटांचे ठसे येत नसतील तर चेहऱ्यावरून ओळख होते का ते विचारा.

निवृत्त_कारकून · गुरुवार, सकाळी ७:४०

हे उत्तम. त्याच दिवशी तहसीलला अर्ज टाका: "अमुक तारखेपासून पेमेंट फेल, खाते पूर्ववत करत आहोत, थकीत रक्कम मिळावी." आवक क्रमांक घ्या. महिन्यात हललं नाही तर माहिती अधिकारात विचारा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून: माझ्या प्रकरणात कोणत्या महिन्यांचं पेमेंट कोणत्या कारणानं परत गेलं. उत्तराला ३० दिवस. तालुक्याचा लोकशाही दिन तिसऱ्या सोमवारी असतो, जिल्ह्याचा पहिल्या. तिथे तोंडी बोलू नका, कागद द्या.

आणि ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखीव असतो. ग्रामसेवकांना विचारा. तुमच्या उधारीपुरतं तरी बघतील.

जतची_बाजरी · गुरुवार, सकाळी ८:२०

आमच्या ग्रामपंचायतीचं उत्पन्नच यवढं की पाच टक्क्यात डायपरचं एक पाकीट यील.

चुलीपाशी · पुढच्या मंगळवारी, रात्री १०:५०

उशिरा लिहितेय. शनिवारी आम्ही सगळेच बँकेत गेलो. मिस्टरांनी हजेरी बुडवली, शेजारच्या भाऊंनी टेम्पो दिला. रॅम्प होता, पण त्यावर दोन मोटारसायकली लावलेल्या. साहेबांनी परिपत्रक वाचलं, पुन्हा वाचलं, मग कुणाला तरी फोन केला. बराच वेळ गेला. शेवटी शाईचा पॅड जमिनीवर ठेवला आणि मुलानं डाव्या पायाचा अंगठा उठवला. पहिल्या वेळी फिस्कटला, दुसऱ्या वेळी स्वच्छ उठला. शिपाईकाकांनी ओल्या फडक्यानं त्याचा पाय पुसला. मी नको नको म्हणत होते.

बाहेर आल्यावर तो काय म्हणाला सांगू? "आई, आता माझं खातं."

तहसीलला अर्ज दिलाय, आवक क्रमांक मिळाला. थकलेले देतील की नाही ते खिडकीवरच्या मुलाला माहीत नाही. "प्रस्ताव जाईल" म्हणाला. निदान या वेळी त्यानं संगणकात बघून सांगितलं, पेमेंट फेल तीन वेळा. चौथ्या महिन्याचं काय झालं ते त्यालाही दिसेना.

निवृत्त_कारकून · मंगळवार, रात्री ११:०५

त्या चौथ्यासाठीच माहिती अधिकार. मी मसुदा लिहून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

भडंगप्रेमी · मंगळवार, रात्री ११:१२

पठ्ठ्याला सांगा, बुद्धिबळ खेळायचं तर मी तयार आहे. हाताने खेळूनही हरतो.

रेवती_विश्रामबाग · बुधवार, सकाळी १०:४०

सगळं छान झालं, पण ताईंचा दुसरा प्रश्न तसाच राहिला. केरळ आणि लेस्टर फिरून आलो, सांगलीत काय?

वाळव्याचा_मास्तर · बुधवार, दुपारी १२:१५

दिव्यांग हक्क कायदा, २०१६. कलम २४ मध्ये सामाजिक सुरक्षेच्या गोष्टी मोजल्यात, त्यात ज्यांना मोठ्या आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहकाचा भत्ता स्पष्ट लिहिलाय. कलम ३८ मध्ये असा आधार मागायचा अर्ज आणि तपासणी मंडळही आहे. मात्र कलम २४ च्या सुरुवातीलाच "सरकारच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत" असे शब्द आहेत. बैल दिला, पण वेसण स्वतःच्या हातात ठेवली. तरी ताई, मागणी करायला तो कागद पुरेसा आहे. कुणी मागतच नाही म्हणून प्रश्नच उठत नाही, असं माझं मत.

रेवती_विश्रामबाग · बुधवार, दुपारी १२:३०

मागायला जायचं कुणी? आजाऱ्याला कुणाजवळ ठेवून?

कवलापूरची_सून · बुधवार, दुपारी १:००

एकच मसुदा करा, मास्तर. आम्ही जेवढ्या आहोत तेवढ्या सह्या करून पोस्टानं पाठवतो. पोस्टमन दारात येतो, त्याला कुणी सांभाळायला लागत नाही.

वाळव्याचा_मास्तर · बुधवार, दुपारी १:०६

रविवारपर्यंत लिहितो. वेगळा धागा काढू.

जतची_बाजरी · बुधवार, दुपारी १:२०

आमच्या आईचा बी अंगठा घ्या. हातचाच हाय.

चुलीपाशी · बुधवार, रात्री ११:५५

माझीही सही धरा. आणि एक विषय सोडून विचारते: एअर बेडचा पंप परवापासून नुसता घरघरतोय, हवा भरत नाही. मिरजेत किंवा सांगलीत कुणी दुरुस्त करून देतं का? नवा घेणं आत्ता जमणार नाही.

मिरजेचा_तंबोरा · गुरुवार, सकाळी ७:१०

मिरजेत भाड्यानं बेड देणाऱ्या दुकानांत विचारतो आज. बहुतेक आतलं रबरी पडदं फाटलेलं असतं, स्वस्तात होतं. पंपाचा फोटो टाका ताई, मागच्या बाजूचा, जिथे मॉडेल लिहिलंय तिथला.